ताप चढला की मला दूर ठेवा

मी एक जुनी दुलई आहे. मित्रांनो, 'बिचारी' म्हणायची घाई करू नका. माझ्या कडा विरल्या, कापसाचे गोळे झाले, पण ताठा अजून शाबूत आहे.

अप्पा शिंपी. कोटांच्या अस्तरांचे उरलेले तुकडे जोडून त्यांनी मला मुलासाठी शिवलं. मुलगा माझ्या उबेत वाढला, त्याचं लग्न झालं, त्याला मुलगी झाली. अप्पांनी नातीचं लाडाचं नाव ठेवलं बटण. मी पांघरूण होते याचा मला भारी तोरा. खाली अंथरायच्या सतरंजीशी मी बोलतही नसे.

बटण बालवाडीत जाऊ लागली आणि आजारांनी घरात मुक्कामच ठोकला. सर्दी गेली की खोकला, खोकला गेला की ताप. तिची आई टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीवर नोकरीला होती. साहेब फोनवर कुरकुरत, "परत मुलीचा ताप?"

"हो, परत. तो मला विचारून येत नाही, साहेब," असं म्हणून ती फोन ठेवी. ही बाई मला तेव्हापासून आवडते.

घरात मात्र तिचं काही चालत नसे. अंग तापलं की अप्पा मला घेऊन येत. "गुंडाळा तिला. घाम फुटला की उतरेल."

"अप्पा, डॉक्टरीणबाई पांघरूण नको म्हणाल्यात. बघा ना, कशी तळमळतेय."

"अगं, तुझ्या नवऱ्याला यातच वाढवलंय मी!"

नवरा दोघांच्या मध्ये उभा राहून दोन्हीकडे मान डोलावी. मग मी पोरीवर पडेच. चूक माझी म्हणाल तर ऐकून घेणार नाही. ऊब देणं माझं काम. कधी द्यायची हे माणसांनी ठरवायचं.

एका दुपारी मला तिच्या गळ्यापर्यंत खोचलं होतं. अचानक बटणचे डोळे फिरले, हातपाय ताठ झाले आणि झटके येऊ लागले. दातखीळ उघडायला अप्पा चमचा घेऊन धावले. आईने त्यांचा हात धरला.

"तोंडात काही घालायचं नाही! बाजूला व्हा, अप्पा!"

त्या घरात अप्पांना असं कोणीच कधी बोललं नव्हतं. तिने मला हिसकून काढलं, जमिनीवर पसरलं आणि पोरीला माझ्यावर कुशीला वळवून निजवलं. मी, अस्तरांची दुलई, अंथरूण झाले! पण तोरा आठवायला वेळ कोणाला होता? ते चिमुकलं अंग माझ्यावर थडथडत होतं आणि मी भयंकर घाबरले होते. आई मात्र जागची हलली नाही. हळूहळू झटके थांबले. बटणने भोकाड पसरलं. इतकं गोड रडणं मी आजवर ऐकलेलं नाही.

आईने पोरीला माझ्यासकट उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिला नीट तपासलं. "तापात लहान मुलांना असे झटके कधी कधी येतात. बघणाऱ्याचा जीव जातो, पण बहुतेक मुलं ठणठणीत होतात. आईने केलं ते अगदी बरोबर." अप्पा खाली बघत उभे होते.

पुढचा ताप यायचा तो आलाच. शेजारच्या काकू डोकावल्या. "अगंबाई, पोर उघडी का? गुंडाळा की दुलईत!"

"तिची आई सांगेल तसंच होईल," अप्पा म्हणाले. "तुम्ही बसा, चहा घ्या."

बटणला चमच्याने पाणी पाजता पाजता आईने डोळे पुसले.

मित्रांनो, मला जपा, ऊन दाखवा, अशी विनवणी मी करणार नाही. थंडीत हाक मारा, धावत येईन. पण पोर तापाने फणफणलेलं असताना मला त्याच्यावर टाकायला आलात तर याद राखा! आणि त्याच्या उशाशी बसलेल्या आईला अक्कल शिकवू नका. तिला आधी पेलाभर पाणी द्या. सकाळपासून तिने घोटभरही घेतलेलं नसतं.