प्रसूती विभागाच्या सहा खाटा

जपानमधल्या एका अमेरिकी लष्करी तळावरचं जुनं रुग्णालय पाडून नवं बांधायचं होतं. कुठल्या विभागाला किती खाटा, हे ठरवायचं काम आमच्या टोकियोतल्या छोट्या सल्लागार कंपनीकडे होतं. खर्च जपान सरकारचा, रुग्ण सैनिक आणि त्यांची कुटुंबं, हिशेब माझा. सेंदाईला जैवसांख्यिकी शिकून मला नोकरीला आठच महिने झाले होते.

पद्धत सरळ होती. पाच वर्षांत विभागात किती रुग्ण आले ते बघायचं आणि त्यावरून पुढचा अंदाज काढायचा. प्रसूती विभागात सध्या सहा खाटा होत्या, पण दोन वर्षांपासून त्याचा आलेख जवळजवळ तळाला टेकला होता. सूत्राचं उत्तर आलं, शून्य खाटा. मी ते तक्त्यात भरलं आणि मसुदा पुढे गेला.

त्यानंतर पाहणीला गेले तेव्हा होन्मा-सान भेटल्या. त्या विभागात त्या एकोणतीस वर्षं सुईण होत्या.

"अश्लेषा-सान, तुमच्या आलेखात बायका कमी झाल्या की खोल्या?"

त्यांनी चार बंद दारं दाखवली. दोन वर्षांपूर्वी छत गळायला लागलं आणि दुरुस्ती नव्या इमारतीवर ढकलली गेली. तेव्हापासून बहुतेक बायकांना चाळीस मिनिटांवरच्या गावातल्या रुग्णालयात पाठवत होते. होन्मा-सानांच्या वहीत प्रत्येकीचं नाव आणि निघाल्याची वेळ होती. एकूण एकशे त्रेचाळीस. काही नावांपुढे छोटा गोल होता.

"हे काय?"

"वाटेत जन्मलेली."

दोन गोल भरलेले होते. त्यांबद्दल मी विचारलं नाही. त्याच म्हणाल्या, "ही रडली नाहीत."

"मी आकडा बदलून घेते," मी म्हणाले. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. जपानी माणूस असं सहसा करत नाही.

ऑफिसात केदारदादा माझे वरिष्ठ, टोकियोच्या हिगाशी-कसाई भागात माझ्याच इमारतीत राहणारे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आराखड्याच्या मंजुरीची बैठक परवा. आजपासून एकेकाला फोन कर, जाऊन भेट. बैठकीतल्या अकराही अधिकाऱ्यांना कागद आधी दिसला पाहिजे."

"पण दादा, आकडे इतके स्पष्ट आहेत!"

"अगं, आकडे आहेत. माणसं तयार व्हायला नकोत का? इथे बैठकीत काही ठरत नाही, आधी ठरलेलं वाचून दाखवतात."

मला ते ढोंग वाटलं. होन्मा-सानांकडून वहीची प्रत मागवली आणि दोन दिवस तिची प्रत्येक नोंद रुग्णवाहिकेच्या नोंदींशी ताडून पाहिली. तीन ठिकाणी वेळ चुकली होती, ती दुरुस्त केली. त्या अकरा जणांपैकी एकालाही फोन केला नाही.

बैठकीत मी नवा आलेख दाखवला. अकराही जणांनी मान खाली घालून तो वाचला. त्यांचे प्रमुख म्हणाले, "अतिशय मोलाचं काम. गांभीर्याने विचार करू." मग जुनाच आराखडा मंजूर झाला. त्यावर निधी ठरला. आता सात वर्षं आराखडा बदलता येणार नव्हता.

लिफ्टमध्ये केदारदादा हळूच म्हणाले, "वरच्यांना न विचारता सगळ्यांसमोर 'हो' म्हणणार कोण होतं?"



हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बसनं तळावर गेले. होन्मा-सान दारातच उभ्या होत्या.

"किती?"

"शून्य. चूक माझी. मी आधी कुणालाच भेटले नाही."

 त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मग त्यांनी विचारलं, "तुम्ही गावाकडून आलात ना? पुलावर गर्दी आहे का? आत्ताच एक बाई तिकडच्या रुग्णालयात जायला निघाली आहे. पहिलंच बाळंतपण."

"आहे. रस्त्याचं काम चालू आहे."

त्यांनी लगेच फोन उचलला आणि रुग्णवाहिकेच्या चालकाला धरणावरचा लांबचा रस्ता घ्यायला सांगितला.