खंडेनवमीला मोजलेले इंजिन

विषय : उद्यमनगरातील एका कारखान्यात नवे तंत्र किती, याचे मोजमाप.
संदर्भ : मालक मल्लाप्पा यांचा कच्च्या बिडाच्या (ओतकामाच्या लोखंडाच्या) कोट्यासाठीचा अर्ज, सन १९५३.

वरील मोजमाप ज्याचे झाले ते ऑइल इंजिन म्हणजे मीच. इतर इंजिनांचे डोके आधी बत्तीने तापवावे लागे, मग ती सुरू होत. मी नुसते हँडल मारले की सुरू होतो. म्हणजे होत असे.

मला मल्लाप्पा आणि कृष्णात मिस्त्री यांनी घडवले, तेही भांडून. तेल फवारणाऱ्या नोझलचे भोक किती बारीक ठेवायचे यावरून दोघांनी पावसाळाभर अबोला धरला होता. निरोप मल्लाप्पांची बायको शांतव्वा पोचवी. माझे थोरले भाऊ या भांडणात फुटले आणि भट्टीत गेले. मी टिकलो, तोवर बीड संपले. बीड सरकारच्या ताब्यात, आणि जो नवे तंत्र काढील त्याला जादा कोटा. तो न मिळाल्यास मलाच फोडून वितळवायचे, हे माझ्यादेखतच ठरले.

नवे तंत्र तपासायला कोट्याच्या कचेरीतले साहेब आले ते नेमके खंडेनवमीला. त्यांच्या पत्रात तारीख होती, तिथी नव्हती, आणि मल्लाप्पांनी पंचांग न बघताच "या की" असे कळवले होते. साहेब पोचले तेव्हा पूजा आटोपली होती. माझ्या गळ्यात झेंडूची माळ, डोक्यावर नारळ.

साहेबांनी मला सुरू करायला सांगितले.

"आज हत्याराला हात न्हाय लावायचा, साहेब," कृष्णात म्हणाला. "उद्या या. तुमच्याच हातानं हँडल मारा की."

"उद्या कचेरीला सुट्टी आहे."

"मग पेढा तरी घ्या."

पेढा नियमात बसला. मग साहेबांनी जे मोजता येईल ते मोजले. नकाशे किती? एकही नाही, ते फरशीवर खडूने काढत आणि शांतव्वा झाडून टाकी. पदवीधर? नाहीत. संशोधनाची खोली?

"खोली कशाला?" शांतव्वा म्हणाली. "जेवताना भांडत्यात की दोघं."

नव्या तंत्राच्या रकान्यात शून्य पडले. माझ्या चाकाला दोरी बांधून लाखेचे सील लागले : निर्णय होईपर्यंत यंत्र चालवू नये, मोडू नये.

त्याच दिवशी शेजारचे कारखानदार अंबादासपंत प्रसादाला आले होते. सोबत नकाशे काढणारा भाचा. हात लावायला मनाई होती, बघायला नव्हती. मल्लाप्पांनी पाहुण्यांना कौतुकाने सगळे समजावून दिले. पुढच्या उन्हाळ्यात पंतांनी माझे नकाशे सुबक शाईत कचेरीला सादर केले आणि कोटा उचलला.

मल्लाप्पा कचेरीत जाऊन कडाडले, "माझं इंजिन बघून काढलंय, त्येला नवं म्हणताय व्हय?"

कारकून म्हणाला, "कागदावर त्यांचं आधी आलंय."

आता पंतांच्या दारातून माझ्यासारखी इंजिने गाडीवर चढतात. ती कृष्णातच बनवतो, कारण इथली भट्टी विझली. आमच्या फाटकावरून जाताना तो मान वळवत नाही. शांतव्वा माझ्यावर मिरच्या वाळवते. खंडेनवमीला मात्र ती मिरच्या काढून, पुसून, मला कुंकू लावते. त्या दिवशी मल्लाप्पांचा हात हँडलकडे जातो आणि मागे येतो. तेवढा एक दिवस देवाची मनाई, उरलेले दिवस सरकारची.

वाचकहो, कचेरीत कोणाची ओळख असेल तर एवढेच सांगा : चालवा, नाहीतर वितळवा. फेरतपासणीचा अर्ज मल्लाप्पांनी १९५४ साली दिला आहे. आज १९५८ चालू आहे. अर्ज विचाराधीन आहे.