आमच्या घरातलं टेन्शन

आमच्या मोहगावच्या घरी एक इंग्रजी शब्द सगळ्याला पुरतो. पाहुणे न सांगता आले की सासूबाईंना टेन्शन. आभाळ भरून आलं की मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना. नणंदेचं लग्न जमत नाही तेही टेन्शन, मांजर दुधाला तोंड लावते तेही. मला मात्र तो शब्द 'नको घेऊ' जोडूनच मिळतो. मुलीला ताप असला तरी माझा नवरा विनायक, "टेन्शन नको घेऊ," म्हणतो आणि पांढुर्ण्याला कामावर जातो.

त्या दुपारी मुलीला बागेत झोळीत निजवलं होतं. संत्र्याची पानं मलूल होऊन लोंबत होती. मी रेल्वेच्या क्वार्टरात वाढलेली. वाटलं, तहानली बिचारी. मोटार सुरू करून सात झाडांची आळी भरली. आठव्याकडे पाइप नेला तशा सासूबाई धावत आल्या.

"काय करून राहिली वो! ताणावर हायेत ना झाडं!"

मग कळलं. बहर यावा म्हणून महिना-दीड महिना मुद्दाम पाणी तोडतात. मध्येच पाणी मिळालं की नुसती पालवी फुटते, फुलं नाहीत. सात झाडांचा वर्षाचा बहर माझ्या हातानं गेला होता.

"तुह्या मामाजीले सांगीन, मोटार चुकून चालू राह्यली म्हणून," सासूबाई हळूच म्हणाल्या. "तू टेन्शन नको घेऊ."

माझ्यासाठी त्या खोटं बोलणार, आणि मी आत भाकरी थापत बसणार. मला ते पटेना. मामाजी आले तशी मुलीला कडेवर घेऊन फाटकाशीच सगळं सांगून टाकलं.

ते बागेत गेले. चपलेनं चिखल दाबून पाहिला.

"कोणी सांगतलं होतं पाणी द्याले?"

"कोणी नाही. मलाच दया आली."

"दया! मंग दरसाल झाडं ताणावर ठेवणाऱ्या मह्या बापाले लय पाप लागलं असन." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "टेन्शन आलं काय तुले?"

असं कुणी विचारलंच नव्हतं आजवर.

"हो, मामाजी. खूप."

"मलेबी आलं." त्यांनी मुलीला घेतलं आणि फावड्याकडे हात केला. "आळं फोड. मुरलं ते मुरलं, वरचं तरी काढ."

मी फावडं मारलं. पाणी हललं नाही.

"खालून, पोरी, खालून. उताराकडून."

गढूळ पाणी धुऱ्याकडे, शेताच्या बांधाकडे, वाहू लागलं. आणखी सहा आळी राहिली होती.