मातीसकट

शेतातून बटाटे काढले तेव्हा दिरांनी आपले सगळे धुऊन, चकचकीत करून तळघरात रचले. मी माझे मातीसकट सुकवून पेंढ्याखाली ठेवले.

"वहिनी, आंघोळ तरी घाला त्यांना!" असं म्हणून दीर पोट धरून हसले. मी मनात म्हटलं, हसतील त्यांचे दात दिसतील.

हिवाळा निम्मा झाला नाही तोच त्यांच्या तळघरातून असा वास सुटला की शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. आज दीर रिकामं पोतं घेऊन माझ्या दारात आले. मी त्यांना खाली माझ्या तळघरात नेऊन पेंढा बाजूला केला. एकही बटाटा नासला नव्हता. त्यांनी पोतं भरलं आणि वर येऊन हात धुवायला नळ सोडला.

मी नळ बंद केला. "राहू द्या भाऊजी. अशाच हातांनी घरी जा."