मिठाच्या पाण्यातली तेरा वर्षं

मित्रांनो, मला हातात घेऊन खडखडवू नका. मला उघडणारी आतली लोखंडी कमान तुटली आहे, तो आवाज तिचा. मी एक जुनं कुलूप आहे आणि माझा स्वभाव थोडा हट्टी आहे, हे आधीच सांगून ठेवतो. राजवाड्यातल्या राजमुद्रेच्या पेटीवर मी सोळा वर्षं लटकलो. त्यातली तेरा वर्षं कशी काढली, ते माझं मला ठाऊक.

मला घडवलं कुलूपवाल्या मावशीने. गल्लीच्या टोकाला तिचं दुकान होतं. गावभर कुलपं विकणाऱ्या या बाईने स्वतःच्या दाराला मात्र कधी कुलूप लावलं नाही. "चोर माझ्याकडे शिकायला येतात, चोरायला नाही," असं ती तोऱ्यात सांगायची. तिच्या हाताला जादू होती. शेवटचा खिळा ठोकण्याआधी कुलूप ज्याचं, त्याने स्वतः यायचं, किल्लीच्या भोकाशी तोंड न्यायचं आणि कुलपाला त्याचं काम सांगायचं. सांगितलेलं लोखंडात उतरायचं. पुढे कोणी त्या कुलपावर जबरदस्ती केली, की आतल्या वस्तूची राख व्हायची. कुलूप आपणहून सुटलं, तरच वस्तू शाबूत राहायची.

माझ्यासाठी खुद्द राजेसाहेब आले. कडेवर त्यांची दीड वर्षांची लेक होती. माझ्याशी वाकून ते म्हणाले, "आमच्या घरच्या माणसाशिवाय कोणासाठी उघडू नकोस." बाबा फुंकर मारतायत असं लेकीला वाटलं असावं. तिनेही वाकून माझ्या भोकात जोरात फुंकर मारली, चांगली लाळेसकट.

राजेसाहेब कावरेबावरे झाले. "मावशी, पुन्हा सांगू का?"

मावशीने तोवर खिळा ठोकलाही होता. "राहू द्या आता. पोरीची फुंकर आत गेली. लोखंडाला त्याने काय होतंय?"

पण झालं होतं, मित्रांनो. ती कोमट फुंकर माझ्या पोटात जाऊन बसली ती बसलीच.

सुरुवातीची वर्षं थाटाची होती. दर महिन्याला तेल, दर आठवड्याला पुसणं. दरबारी येता-जाता म्हणायचे, "काय देखणं कुलूप आहे." मी आपला फुगून लटकायचो. ती चिमुरडी रोज माझ्यापाशी यायची आणि फुंकर मारून पळायची. त्या खेळाची मला सवय लागली होती.

ती चार वर्षांची असताना राजेसाहेब तापाने गेले. राजमुद्रेचा नियम साधा होता. राजा गेला, की घराण्यातल्या ज्या हाताने ती पेटीतून निघेल, त्याच हातात ती उजळायची, आणि तो हात जिवंत असेपर्यंत दुसऱ्या कोणाच्याच हातात नाही. राजेसाहेबांच्या धाकट्या भावाला, म्हणजे मुलीच्या काकाला, हे पक्कं माहीत होतं. तिसऱ्याच दिवशी तो किल्ली घेऊन आला. मुलीने पेटीची कडी घट्ट धरून ठेवली होती. काकाने तिचं एकेक बोट सोडवलं. रडून रडून तिचा आवाज बसला होता. मग तिला गाडीत घालून वेशीबाहेर सोडून यायला सांगितलं. मला ते बघवलं नाही.

काकाने किल्ली घातली. खरं सांगायचं, तर शब्द त्याच्या बाजूने होते. तोही घरचाच माणूस होता. पण मी ती बोटं पाहिली होती. मी अडून बसलो. त्याने किल्ली डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली, घामाघूम झाला, शिव्या दिल्या. मी हललो नाही.

फोडलं तर राख होणार, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने शांतपणे हुकूम सोडला, "याला तेलाचा थेंब द्यायचा नाही. रोज सकाळी मिठाचं पाणी ओता. आपोआप गंजून गळून पडेल. मला घाई नाही."

तेरा वर्षं, मित्रांनो. रोज सकाळी एक तांब्या. माझी चकाकी गेली, कोरलेली अक्षरं गेली, अंगाचे पापुद्रे निघाले. पूर्वी कौतुक करणारे नाकाला रुमाल लावून जाऊ लागले. वाईट वाटायचं, कशाला खोटं बोलू? कडी झिजून दाभणाएवढी उरली. पण रोज तांब्या रिकामा झाला, की मी स्वतःला एकच सांगायचो, आज नाही पडायचं. उद्याचं उद्या बघू.

शेवटी एके दिवशी काकाने वाकून माझी कडी नखाने खरवडली आणि हसला. "उद्या सकाळच्या पाण्याने पडतंय हे. वाड्याला चुना काढा. उद्या राज्याभिषेक."

त्या माणसाची एक गंमत होती. सगळी जादू किल्लीत आहे, असं त्याला वाटायचं. किल्ली त्याच्या गळ्यात आणि भोवती चार पहारेकरी. माझ्यापाशी एकही नाही.

त्याच दुपारी चुना काढणारी माणसं आली. त्यांच्यातली एक सतरा-अठरा वर्षांची मुलगी बादली घेऊन सरळ माझ्यापाशी आली. तिने केसांतून तारेचा आकडा काढला, तेव्हा मी ओळखलं, चोर. मी अंग आवळून घेतलं. इतकी वर्षं कोणासाठी उघडलो नाही, ते या भुरट्या पोरीसाठी उघडू?

ती स्वतःशीच पुटपुटली, "मावशी म्हणायची, कुलपाला घाई दाखवायची नाही. आधी धूळ काढायची." आणि वाकून तिने माझ्यात फुंकर मारली.

काय सांगू तुम्हाला, तीच ती कोमट फुंकर! मागाहून कळलं, वेशीबाहेर टाकलेल्या त्या पोरीला मावशीनेच उचलून नेलं होतं. चोरांच्या वस्तीत वाढवून आपली सगळी विद्या तिला दिली होती.

मी उघडायला धावलो आणि जागचा हललो नाही. गंजाने मला आतून धरून ठेवलं होतं. तेरा वर्षं उघडायचं नाही म्हणून झुंजलो आणि आता उघडायचं तर अंग साथ देईना. मुलीने दाराच्या बिजागरीतलं ताजं तेल बोटाने निपटून माझ्यात सोडलं. बाहेर पावलं वाजली. तिच्या हाताशी हातोडी होती. तिने हातोडीकडे पाहिलं, पण उचलली नाही. कपाळ माझ्यावर टेकवून म्हणाली, "तू आणि मीच उरलोय रे. बघ जरा."

मी उरलंसुरलं सगळं बळ कमानीत आणलं. कमान तुटली. मी खाली पडलो, चुन्याच्या बादलीत. उघडा.

काका धावत आला तेव्हा मुद्रा तिच्या तळव्यावर उजळली होती. भिंतीवरचा ओला चुनाही त्या उजेडात चमकत होता.

"कोण आहेस तू?" काकाने विचारलं.

"तुम्ही जिची बोटं सोडवली होतीत ना, तीच."

पहारेकऱ्यांनी मुद्रेकडे पाहिलं, काकाकडे पाहिलं आणि त्याच्यापासून दोन पावलं मागे सरकले.

पुढे सगळीकडे मुद्रेचा जयजयकार झाला. मी मात्र सात महिने अडगळीत, चुना वाळलेल्या त्याच बादलीत पडून होतो. मला राग आला होता. मग म्हातारी मावशी वाड्यात राहायला आली. नव्या राणीला तिने पहिलाच प्रश्न विचारला, "कुलूप कुठंय?" राणीचा चेहरा उतरला. तिने कोणाला पाठवलं नाही, स्वतः अडगळीत शिरली आणि मला शोधून काढलं.

"नवी कमान घालशील?" तिने मावशीला विचारलं.

मावशीने मला उलटसुलट करून पाहिलं. "घालेन की. पण मग याला पुन्हा काम सांगावं लागेल. दमलंय गं ते. बसू दे."

तेव्हापासून मी राणीच्या मेजावर असतो. दर महिन्याला ती मला स्वतः तेल देते. बंद न होणाऱ्या कुलपाला तेल कशाला, असं लोक विचारतात. ती आपली आधी फुंकर मारून धूळ काढते.

तर मित्रांनो, तुमच्या घरी एखादं कुलूप अडून बसलं असेल, तर लगेच दगड उचलू नका. थोडं तेल द्या, थोडा वेळ द्या. आणि हो, आधी एक फुंकर मारून बघा. ते तुमचीच वाट बघत असेल.