दाराजवळच्या खुर्चीवरचा माणूस

माझा स्वभाव संशयी आहे, हे मला कोणी वेगळं सांगायला नको. लाँड्री चालवणाऱ्या बाईचा तो असायलाच हवा. लोक खिशात काहीबाही विसरतात आणि मग आपल्यालाच चोर ठरवतात. म्हणून आलेल्या प्रत्येक कपड्याचे खिसे मी उलटे करते आणि प्रत्येक डागाचा वास घेते.

गुरुवारी संध्याकाळी इस्त्र्या बंद केल्या की दुकानातच आमची प्रार्थनासभा भरते. गठ्ठे बाजूला सारून खुर्च्या मांडतो. माझा लेकही त्याच्या चाकाच्या खुर्चीवरून येऊन बसतो. पूर्वी तो एका गोदामात हमाली करायचा. तिथली मालाची लिफ्ट त्याला घेऊन कोसळली आणि त्याचे दोन्ही पाय कायमचे लुळे पडले. दुरुस्ती अर्धवट असताना कोणीतरी ती चालू करून दिली होती. कोणी, ते मालकांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. तो माणूस एकदा माझ्या हाती लागू दे, हेच मी देवाकडे मागत आले. तोंडाने बाकी पुष्कळ म्हणायचे, पण आतून एवढंच.

अशात सभेला एक नवा माणूस यायला लागला. दाराजवळची खुर्ची पकडायचा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण जाताना लेकाशी खालच्या आवाजात काहीतरी बोलायचा, आणि मी जवळ गेले की दोघंही गप्प. कुठेतरी पाणी मुरत होतं.

"कोण रे तो?" मी लेकाला विचारलं.

"ओळखीचा आहे."

"कसली ओळख? कुठली?"

"आई, तू पोलिसात जायला हवी होतीस."

विषय टाळायचा असला की याला विनोद सुचतात, लहानपणापासूनची खोड. सभा चालवणाऱ्या पाळकांना विचारलं, तर म्हणाले, देवाच्या घरी सगळे पाहुणेच. दुकान माझं आहे, हे त्यांच्या लक्षातच येत नाही.

पुढच्या गुरुवारी त्याने जॅकेट काढून खुंटीला अडकवलं. सगळे डोळे मिटून बसले, तशी मी हळूच खुंटीपाशी गेले. खिशात एक रुमाल आणि पेचकस. बाहीवर काळा डाग होता. तो नाकाशी धरला. ग्रीसचा हा वास मला पाठ होता. दवाखान्यातून लेकाचा शर्ट पिशवीत घालून दिला होता, तो मी कितीदा तरी धुतला. रक्त निघालं, ग्रीस निघालं नाही.

बाकीचे गेल्यावर मी दारात आडवी उभी राहिले.

"तुम्ही लिफ्टचं काम करता?"

"हो, ताई."

"त्या गोदामातली लिफ्ट कोणी दुरुस्त केली होती?"

त्याने मान खाली घातली. "मीच. ब्रेक बसवायचा राहिला होता. मुकादम घाई करत होता, मी चालू करून दिली. घाई त्याची, पण हात माझा."

माझा हात इस्त्रीकडे गेला. ती थंड होती, हे त्याचं नशीब.

"आई, त्याला मीच बोलावलंय," लेक म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"तो दवाखान्यातच येऊन सांगून गेला होता. तेव्हा मी त्याला हाकलून दिलं. मग कितीतरी वर्षं देवाकडे पाय मागितले. ते काही मिळाले नाहीत. पण दुखत पडलेलो असताना वाटायला लागलं की प्रभू शेजारीच बसलाय, आणि त्याच्याही हातापायांना जखमा आहेत. खिळे ठोकणाऱ्यांसाठी त्याने माफी मागितली, हे मला लहानपणापासून पाठ होतं, आई. कळलं तेव्हा. मग याला निरोप धाडला."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तू इस्त्री उचलली असतीस."

आठवडाभर मी लेकाशी धड बोलले नाही. देवाशी तर नाहीच. मी इतकी वर्षं विनवण्या करायच्या, आणि देवाने माझ्याच दुकानात त्या माणसाला खुर्ची द्यायची, याचा मला भयंकर राग आला होता.

गुरुवारी तो येणार नाही असं वाटलं होतं. आला. आमच्यात शेवटची प्रभूची प्रार्थना ज्याच्या जागेत सभा त्याने सांगायची असते. त्याने एक ओळ म्हणायची, मग बाकीच्यांनी. मी सुरू केली. आमच्या अपराधांची आम्हाला क्षमा कर, इथपर्यंत सगळं सुरळीत झालं. पुढे 'जशी आम्हीही इतरांना क्षमा करतो' ही ओळ, आणि तिथे माझी जीभ अडली. हजारदा म्हटलेली ओळ, पण तिच्यात कधी कुठला माणूस दिसला नव्हता. आता दिसत होता, आणि तो दाराजवळ बसला होता.

सगळे खोळंबले. तो हळूच उठला आणि जॅकेटकडे वळला.

"बसा," मी म्हणाले. "मला ही ओळ येत नाही. आली की म्हणेन."

तो बसला. मी डोळे मिटले आणि मनातल्या मनात देवाला खरं ते सांगून टाकलं. मला याला माफ करायचं नाही. तुला हवं असेल, तर तूच माझ्याकडून करवून घे. इतक्या वर्षांत देवाशी मी पहिल्यांदाच खरं बोलले होते.

"जशी आम्हीही," मी म्हणाले.

"जशी आम्हीही," सगळे म्हणाले. त्यात त्याचाही आवाज होता.

पुढचा शब्द निघेना. माझ्याऐवजी तो कोणीही म्हटला नाही, लेकानेही नाही. सगळे माझ्यासाठी थांबले, आणि तोही थांबला.