मोहाखालचा मांडव

दिवस मावळताना सुमित्राबाईंनी काडी पेटवली तेव्हा दामिनी मोहाच्या झाडाखाली जाळीचं शेवटचं टोक बांबूला बांधत होती.

"मामीजी, आजच्या दिवस नका जाळू."

"पाला जाळल्याबिगर फूल दिसते का व? लगन होऊन आली तवापासून जाळून राहिली मी."

"त्या राखेपायीच त कोहमाऱ्याच्या लाडूवाल्यानं आपला मोह परत केला. साफ असंल त दुप्पट भाव देतो म्हणते."

सुमित्राबाई सुनेकडे पाहत राहिल्या. काडी बोटापर्यंत आली, तेव्हा त्यांनी ती फुंकली. वाडवडिलांपासून या ओळीतली सगळी झाडं त्यांच्या घराची. मागच्या वर्षी याच पाल्याच्या आगीनं त्यातलं एक खाल्लं होतं. त्यावर घरात कोणी बोलत नसे.

"एक सकाळ," त्या म्हणाल्या. "फूल कमी पडलं त जाळीसकट पेटवीन."

जाळी कुडव्याच्या हिमांशू डेकोरेशनवाल्यानं फाटकी म्हणून टाकून दिलेली. गुलाबी झालर तेवढी शाबूत होती. दामिनीनं ती काढली नाही, वेळ नव्हता. त्यामुळे खालच्या रस्त्यावरून झाडाखाली कोणाचं तरी लग्न असल्यासारखं दिसत होतं.

आणि मांडव दिसला की भाऊबंदांनी जांभळाच्या फांद्या घेऊन मदतीला जायचं, त्याला बोलावणं लागत नाही. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता सुमित्राबाईंचे चुलत दीर केशोराव फांद्यांचा भारा खांद्यावर घेऊन चढून आले. मागून त्यांची बायको शामकला, डोक्यावर तांदळाची टोपली, अंगावर ठेवणीतलं लुगडं.

"आमाले सांगतलं बी नाही, वहिनी," केशोराव भारा न उतरवताच म्हणाले. "एवढे का परके झालो आमी?"

"लगन नाही जी, काकाजी," दामिनी म्हणाली.

"मंग मांडव काऊन?"

"मोहासाठी."

केशोरावांनी झाडाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. स्थळ वाईट नव्हतं.

"पोरगी कोणाची?" शामकलानं विचारलं.

दामिनीनं समजावलं. केशोरावांनी ऐकून घेतलं, पण आणलेल्या फांद्या परत न्यायच्या नसतात. त्यांनी त्या चारी बांबूंना नीट बांधल्या. मग सगळे खाली बसले, लग्नघरी मुहूर्ताची वाट पाहत बसतात तसे.

फुलं पडू लागली. टप. टप. जाळी हळूहळू मधोमध लोंबायला लागली. सुमित्राबाई दूर एका दगडावर पाठ करून बसल्या होत्या, पण प्रत्येक 'टप'ला त्यांची मान जराशी वळत होती.

ऊन चढल्यावर सुमित्राबाईही उठून आल्या आणि चौघांनी चार कोपरे उचलले. फुलं घरंगळत मधे आली. पिवळीधमक, ओली. एकालाही माती नाही, राख नाही. वाकून वाकून वेचल्यावर भरते ती टोपली भरली आणि वर तांदळाचीही रिकामी करावी लागली.

"आमच्या झाडाचंबी लगन लावून टाक व पोरी," केशोराव म्हणाले. "औंदाच."

सुमित्राबाईंनी एक फूल तोंडात टाकलं. बराच वेळ चावलं. मग केशोरावांच्या कमरेचा विळा ओढून घेतला आणि थेट जाळीकडे गेल्या.

"मामीजी!" दामिनी मागे धावली. "कमी कुठं पडलं? भरल्या ना टोपल्या!"

सुमित्राबाईंनी खोडाजवळ ताटाएवढं भोक पाडलं. विळा परत दिला. वरून एक फूल सुटलं, भोकातून गेलं आणि पाचोळ्यात पडलं.

"थे भुईचं," त्या म्हणाल्या. "सगळंच आपण उचलाचं असते का?"

दामिनी भोकाकडे पाहत राहिली.

"पाहून का राहिली? त्या हिमांशूले फोन लाव. बाकीच्या झाडायले पुरंल एवढी जाळी सांग." त्या टोपलीखाली हात घालून थांबल्या. "अन झालर राहू दे म्हणाव."